वकिलाला ‘पावणं’ म्हणणारी माझी आई

दोस्तांनो, सकाळपासून लिहितो लिहितो म्हणत रंकाळ्यावर दोन चकरा मारून आलो. आता बसलोय.

पोलीस-कोर्टाच्या नव्या मालिकेचा दुसरा भाग काल रात्री आला. त्यातली साक्षीदार बाई म्हणजे माझी आई! शूटिंगला वकील झालेला नट अंगावर ओरडला, "खोटं बोलताय तुम्ही!" आई पाठ केलेलं विसरली आणि भडकली, "ओ पावणं, डोळ्यानं बघितलंय की मी! वरडताय कशाला?"

सगळे हसले. तेव्हापासून तिचं एकच, "कापत्यात बघ माझं काम. आणि तू साऱ्या गल्लीला सांगून बसलायस."

काल गल्ली आमच्या घरात आणि आई स्वयंपाकघरात लपलेली. पण तिचं बोलणं जसंच्या तसं दाखवलं! शेजारच्या काकू ओरडल्या, "अगं ये बाहेर, वकिलाची जिरवलीस की!" तिचं हसू बघून माझी छाती अशी फुगलीय म्हणून सांगू.

तुमच्या घरातलं कोण वकिलाला असं गप्प करील? सांगा की.

थांबा, दारात खऱ्या पोलिसांची गाडी थांबलीय. मॅडम उतरून विचारत्यात, "त्या साक्षीवाल्या मावशी इथंच राहत्यात न्हवं?" आईसंगं फोटो काढायचाय म्हणे.