पास्तोराचे काळपट रानलावे

आमच्या नारिन्योच्या डोंगरात रानलाव्यांची पारख शेंबडं पोरही सांगेल: डोळ्याभोवती पांढरा पट्टा असला की नर, काळपट पाठीची बिनपट्ट्याची ती मादी. माझी शेजारीण पास्तोरा तेवढी म्हणायची, "साफ खोटं! ते दोन वेगळेच पक्षी आहेत." नवरा गेल्यापासून अकरा वर्षं ती आपली कॉफी प्यायच्या आधी परसातल्या ओढ्यावर त्यांना केळ्याचे तुकडे टाकत आलीय. पण ऐकतंय कोण!

त्या गुरुवारी तिचा दीर एलिसेओ ओढ्याकाठचं रान तोडून तिथं लुलोची फळझाडं लावणार होता. त्यानं मिंगा बोलावली होती, म्हणजे घरटी एक माणूस कामाला. उजाडता उजाडता सगळे कोयते घेऊन हजर. रश्श्याचं पातेलं आमच्या दोघींकडं.

पास्तोरा वाटेतच उभी राहिली. "भावजी, काळपट लावा या ओढ्यापुरताच आहे. रान गेलं की तोही गेला."

"जाईल कुठं, वहिनी? बायका वरच्या रानात नवऱ्यांकडं जातील!" सगळे खो खो हसले.

"बरं, लाव्यांत गाणं कोण म्हणतं?"

"जोडपं. एकानं सुरू करायचं, दुसऱ्यानं उचलायचं. हे काय विचारणं झालं?"

"मग आता जरा तोंडं मिटा."

तिनं केळं कुस्करून टाकलं. नाहीच आले तर? आणि पाचोळा हलला! एक काळपट आला, मागून दुसरा, तोही काळपट. डोळ्याभोवती पांढरं नावाला नाही. दोघांनी माना उंचावल्या आणि सुरू! एकाचा सूर तुटायच्या आत दुसऱ्याचा, सगळा ओढा दणाणला. पायांत तीन पिल्लं लुडबुडत होती.

"एलिसेओ," मागून कुणीतरी कुजबुजलं, "दोन बायकांना पोरं कधी झाली रे?"

एलिसेओचे कान लाल. तो उकिडवा बसला, बघतच राहिला. मग हळूच म्हणाला, "वहिनी, आयुष्यभर चुकलो की हो आम्ही."

"ते राहू दे. लुलो पलीकडच्या पडीक कुरणात लाव."

"तिथं कमरेएवढं तण आहे!"

"मग एवढी माणसं काय रस्सा प्यायला आलीत?"

कोयते खांद्यावर टाकून सगळे कुरणाकडं वळले. आम्ही दोघींनी पातेल्याचे कान धरले आणि त्यांच्या मागं निघालो.