धोंड्याच्या महिन्यातला पंप

घरातली कुठलीही वस्तू एकदा तरी आतून पाहिल्याशिवाय ती आपली झाली असं म्हणता येत नाही, असं मानणारा माणूस साऱ्या बडोद्यात एकच होता आणि नेमका तोच सासरा म्हणून माझ्या वाट्याला आला. लग्नाची बोलणी करायला आम्ही पुण्याहून समा भागातल्या त्यांच्या बंगल्यात गेलो, तेव्हा ते टेबलफॅनच्या आत होते. मान वर न करता म्हणाले, "या, बेसा. हे एवढं बंध करून येतोच." ते एवढं बंध होईपर्यंत चहा झाला, पोहे झाले, देण्याघेण्याचा विषयही निघून मिटला. शेवटी मुहूर्ताची तारीख नक्की होत असताना त्यांनी फॅन जमिनीवर ठेवून बटण दाबलं. फॅन सुरू झाला, फक्त वारा मागच्या भिंतीवर जाऊ लागला. माझ्या वडिलांनी ते हळूच लक्षात आणून दिलं, तर सासरे म्हणाले, "भिंतीला ओल आलीय ना. तिलाबी पाहिजे थोडा." परतीच्या गाडीत आई काळजीत होती, पण वडिलांनी माणूस निर्मळ असल्याचा निर्वाळा दिला आणि माझं लग्न झालं.

त्यांचे आजोबा संस्थानच्या काळात दिवाणांच्या कचेरीत होते, वडीलही कचेरीत, आणि ते स्वतः सरकारी कचेरीतूनच निवृत्त झालेले. घराण्यात आजवर लेखणीपेक्षा जड काही कुणी उचललं नव्हतं. तो सगळा अनुशेष या एका गृहस्थांनी भरून काढला. मिक्सर, इस्त्री, देवघरातली लुकलुकणारी माळ, शेजाऱ्यांची शिलाई मशीन, काही सुटलं नाही. प्रत्येक दुरुस्तीनंतर दोनचार स्क्रू उरायचे. त्याबद्दल विचारलं की त्यांचं उत्तर ठरलेलं, "कंपनीवाले घाबरट असतात, म्हणून जास्त घालतात." दुरुस्तीला बसण्याआधी ते अंघोळ करत. जुनी बंडी आणि ग्रीसने काळा झालेला पायजमा हे त्यांचं दुरुस्तीचं सोवळं होतं, आणि ते नेसल्यावर त्यांना कुणी शिवलेलं चालत नसे. नातवंडं मुद्दाम शिवून पळत. मग ते पुन्हा हात धुऊन बसत आणि रागावल्याचं सोंग करत. ते सोंग त्यांना कधीच नीट जमलं नाही.

पण त्यांची खरी खासियत होती ताट. सुटे भाग ते जेवणाच्या स्टीलच्या ताटात मांडत, आणि मांडत म्हणजे अगदी पान वाढल्यासारखे. वर मधोमध मिठाच्या जागी सर्वांत बारीक स्क्रू, त्याखाली डावीकडे लिंबाच्या, चटणीच्या, कोशिंबिरीच्या जागी बसवायचे नवे भाग, आणि उजवीकडे भाजी-आमटीच्या जागी काढलेले जुने. अशी मांडणी झाली की पुढे ते ताटाकडे बघत नसत, हात लांबवून अचूक वस्तू उचलत. "पानात काय कुठे आहे हे बघावं लागतं, तो जेवणारा कसला?" असं म्हणत. या पद्धतीमुळे सासूबाईंच्या वाट्या कायम ऑइलच्या वासाच्या असत आणि पाहुणे आले की त्या चिंचेने घासत बसाव्या लागत.

त्यांची पहिली गाडी जुनी होती आणि तिचं बॉनेट उघडलं की आतलं सगळं ओळखीचं होतं. मग देश खुला झाला आणि गाड्या मात्र बंदिस्त झाल्या. मुलाच्या आग्रहाखातर घेतलेल्या नव्या लाल गाडीत कार्बुरेटर नव्हता, सगळं इलेक्ट्रॉनिक, आणि पेट्रोलचा पंप तर थेट टाकीच्या पोटात बुडवून ठेवलेला. हे कळल्यावर सासऱ्यांना तो व्यक्तिगत अपमान वाटला. "पंप म्हणजे बाहेर, डोळ्यांसमोर पाहिजे. हा काय लपून काम करतो? चोरी आहे का?" असं ते मला फोनवर म्हणाले होते.

हा लपलेला पंप एके दिवशी दगा देऊन गेला. सासूबाई पैठणी नेसून लग्नाला निघाल्या होत्या. फतेगंजच्या चौकात, ऐन रहदारीत, गाडीने एक आचका दिला आणि ती गप्प झाली. मागे हॉर्नचा गलका सुरू झाला. चार अनोळखी माणसांनी गाडी ढकलली आणि सासूबाई आत बसून तशाच चौक पार झाल्या. एक ट्रक अगदी दाराला घासून गेला म्हणे. त्या खाली उतरल्या, रिक्षा थांबवली आणि नवऱ्याला एवढंच म्हणाल्या, "आजपासून मी तुमच्या गाडीत बसायची नाही." त्या कमी बोलणाऱ्या, त्यामुळे बोललेलं पाळणाऱ्या.

त्यानंतर गाडी कधी चालायची, कधी नाही, मनाला येईल तशी. सासूबाई मात्र रिक्षानेच जायच्या. मग समातून एक विलक्षण मिरवणूक निघू लागली. पुढे रिक्षात सासूबाई, ताठ बसलेल्या, आणि मागे लाल गाडीत एकटे सासरे. लग्न असो, मंगळागौर असो की वासण्याला राहणाऱ्या धाकट्या बहिणीकडे जाणं असो, दोघं एकाच ठिकाणी पोचायची, पण वेगवेगळ्या वाहनांनी. सोसायटीतली माणसं हसायची. लग्नापासून ही जोडी संध्याकाळी फेरी मारायला एकत्र निघायची, आधी सायकल, मग स्कूटर, मग गाडी. एकदा मला बाजूला घेऊन सासरे म्हणाले, "जावईबापू, एक वात सांगू? बाजूची सीट खाली असली ना, की मला गियर सापडत नाही." मी हसलो, पण ते हसत नव्हते. त्यांना पंप बदलायचा होता तो एवढ्याचसाठी. गॅरेजवाल्याने केलेल्या दुरुस्तीवर बायको बसली, तर त्यात आपलं काय?

त्या वर्षी अधिक महिना आला. धोंड्याचा महिना म्हणजे जावयाची चंगळ. त्याला बोलावून पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, वाण द्यायचं, ओवाळायचं. मी पोट रिकामं ठेवून बडोद्याला पोचलो तर फाटकातच सासरे सोवळ्यात उभे. नवा पंप वर्तमानपत्रात गुंडाळून छातीशी धरलेला. "बरं झालं आलात. आज मुहूर्त सरस आहे," म्हणाले आणि माझी बॅग काढून घेऊन हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली विजेरी दिली.

काम त्यांनी, हे कबूल केलं पाहिजे, फार विचाराने आखलं होतं. टाकी जवळजवळ रिकामी केली होती. पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडू दिलं, म्हणजे नळीतला दाब उतरतो. बॅटरीची वायर सोडली. मागची सीट उचकटून घरापुढच्या ओटल्यावर ठेवली. तिच्यावर शेजारच्या बेन लगेच येऊन बसल्या आणि मला म्हणाल्या, "केम छो जमाईराज? ऑपरेशन चाले छे?" आणि सगळ्यांत मोठा हुकूम म्हणजे आसपास कुठेही विस्तव नाही. टाकी उघडी असेपर्यंत गॅस पेटणार नाही, उदबत्ती नाही, बेनच्या तुळशीपुढेही दिवा नाही. आत पुरण वाटून तयार होतं आणि चूल थंड. शिवाय ठिणगी नको म्हणून टाकीवरची गोल चकती लोखंडी हातोडीने न ठोकता सासूबाईंच्या लाटण्याने ठोकायची होती. म्हणजे स्वयंपाकघराचं ताट गेलं, वाट्या गेल्या, लाटणंही गेलं. सासूबाई दारात येऊन म्हणाल्या, "जावई उपाशी आणि तुमची टाकी उघडी. शोभतं का हे?"

"थई जशे, होऊन जाईल," सासरे गाडीच्या आतून म्हणाले.

ते एका दारातून आत वाकलेले, मी समोरच्या दारातून, आणि मधे ते वाढलेलं ताट. धूळ झटकून, वायर आणि नळ्या सोडवून, लाटण्याने ठोकून त्यांनी चकती सैल केली आणि हलक्या हाताने पंप वर काढला. खालची जाळी काळीकुट्ट होती. "बघा, किती बिचारा घुसमटला असेल," ते म्हणाले. गेल्या काही महिन्यांचा राग त्या क्षणी मावळला होता. तेवढ्यात माझ्या मागून मंजूळ आवाज आला, "जावईबापू, जरा इकडे तोंड करा." मी वळलो. सासूबाई औक्षणाचं तबक घेऊन उभ्या होत्या आणि तबकात निरांजन तेवत होतं. गॅस पेटवायचा नाही हे त्यांनी पाळलं होतं. पण जावयाला ओवाळायचं निरांजन म्हणजे विस्तव, हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं.

सासऱ्यांची मराठी तिथे संपली. "दिवो! दिवो! दूर लई जा!" असं ते ओरडले. बेन सीटवरून उठून पळाल्या. निरांजन फुंकून विझवायचं नाही, म्हणून सासूबाई ते तसंच सांभाळत पार सोसायटीच्या फाटकापाशी नेऊन ठेवून आल्या. परत आल्या तेव्हा डोळ्यांत पाणी होतं. जावयाला ओवाळायचं राहतंय, हे त्यांना सोसवेना. मग मीच माझी विजेरी त्यांच्या तबकात ठेवली. मला दारातच बसता यावं म्हणून त्यांनी सुट्या भागांचं ताट उचलून बाजूला केलं, मला कुंकू लावलं, विजेरीने ओवाळलं आणि ताट पुन्हा जागेवर ठेवून आत गेल्या.

सासऱ्यांनी नवा पंप बसवला, ताटाकडे न बघता हात लांबवत एकेक वस्तू घेतली, चकती आवळली. फ्यूज लावून, बॅटरी जोडून किल्ली फिरवली तर इंजिन पहिल्या झटक्यात सुरू! त्यांचा चेहरा उजळला आणि लगेच पडला. पेट्रोलचा वास येत होता. त्यांनी इंजिन बंद केलं आणि तिथेच बसून राहिले. "नाही जमलं," एवढंच बोलले. हा शब्द मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. दारात उभ्या असलेल्या बायकोकडे बघणंही त्यांना अवघड झालं होतं.

सासूबाई पायऱ्या उतरून आल्या. शपथेनंतर पहिल्यांदाच त्या गाडीत वाकल्या. ताटाकडे बघून म्हणाल्या, "अहो, हे पान जावयांच्या समोर वाढलंय." आम्हा दोघांना काही कळेना. "मघाशी ठेवताना मी सवयीने त्यांच्याकडे तोंड करून ठेवलं. जावयापुढे पान उलटं कसं ठेवणार? तुमच्या बाजूने डावं ते उजवं झालंय, नव्याच्या जागी जुनं. लिंबू तसंच राहिलंय बघा." लिंबाच्या जागी टाकीच्या तोंडाची नवी रबरी रिंग होती. आत बसवलेली होती ती जुनी, फुगलेली.

पुन्हा सगळं उघडलं. या वेळी सासूबाई पदर खोचून ताटाशी बसल्या आणि एकेक वस्तू सासऱ्यांच्या हातात वाढत गेल्या. "हे घ्या. हळू. आता हे." इंजिन पुन्हा सुरू झालं, आणि वास नाही. बराच वेळ वाट पाहिली, तरी नाही. सासऱ्यांनी इंजिन बंद करून काढलेलं पेट्रोल टाकीत ओतलं, हात धुतले, पुढचं डावं दार उघडलं आणि ते धरून उभे राहिले. सासूबाई वळून आत निघून गेल्या. मला वाटलं, संपलं. पण त्या साडी बदलून, चपला घालून बाहेर आल्या आणि सरळ सीटवर जाऊन बसल्या. गाडी निघून गेली. गॅस पेटवायला आता हरकत नव्हती, पण पेटवणारी निघून गेली होती. मी ओटल्यावर गाडीच्या मागच्या सीटवर बसलो आणि बेननी आणून दिलेला खाखरा खाल्ला.

खूप वेळाने गाडी परत आली. अगदी सावकाश, झाडाखाली येऊन थांबली, पण इंजिन चालूच. मी लगबगीने पुढे झालो तर सासऱ्यांनी ओठांवर बोट ठेवलं. शेजारी सासूबाईंना झोप लागली होती, मान एका बाजूला कललेली. "इंजिन बंध केलं तर जागी होईल," ते पुटपुटले. पेट्रोलचा थेंब वाया गेला तर हळहळणारा हा माणूस ती आपणहून जागी होईपर्यंत तसाच बसून राहिला.

सासऱ्यांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. परवा मी सासूबाईंना म्हटलं, गाडी आणि ड्रायव्हर पाठवतो, रिक्षाचे धक्के कशाला खाता? त्या हसल्या आणि म्हणाल्या, "नको हो. त्यांच्या शेजारी मला निवांत झोप लागायची. आता कुठेही बसले तरी जागंच राहावं लागतं."