मागच्या अंगणाचा कॅमेरा

हे लिहू की नको, यातच बरेच दिवस गेले. माझं कामच नेटवर्कचं... वायर तुटली की सिग्नल जात नाही, यापलीकडे मी कशावर विश्वास ठेवला नाही. भूतबित म्हणणाऱ्यांची तर टिंगलच करायचो.

मी तंजावूरचा. पिढ्यान्‌पिढ्या आम्ही तिथलेच मराठी. देवनागरी मी पुण्यात नोकरीला आल्यावर शिकलो, तेव्हा चुका सांभाळून घ्या. आई गेल्यावर अण्णा — माझे वडील, गणिताचे निवृत्त मास्तर — मेल वीथी या रस्त्यामागच्या घरात एकटेच राहायचे. गावात ब्रॉडबँड तेव्हा नुकतंच आलं होतं. मागच्या अंगणातून पितळेची भांडी चोरीला गेली, म्हणून मी चार कॅमेरे आणि रेकॉर्डर बसवून घेतला. पुण्यातून इंटरनेटवर घर दिसावं, एवढीच इच्छा.

पण ते जमेना. घरच्या टीव्हीवर चित्र यायचं, बाहेरून ब्राउझरमध्ये कॅमेऱ्यांचं पान काही उघडायचं नाही. राउटरच्या सेटिंगसाठी मी रोज अण्णांना फोनवर छळायचो.

"अण्णा, कुठला दिवा लुकलुकतोय?"

"सगळेच लुकलुकतात. मी काय चोर काय रे, माझ्यावर पहारा ठेवतोस?" फोन आपटला. त्यानंतर ते नीट बोललेच नाहीत.

त्या दिवशी सकाळपासून मला चैन नव्हतं. उगाच उठत होतो, बसत होतो. दुपारी ऑफिसात डबा तसाच ठेवून पुन्हा त्या पानाचा पत्ता टाकला... आणि पान उघडलं! तीन चौकोन काळे. चौथ्यात मागचं अंगण. धुण्याच्या दगडापाशी अण्णा आडवे पडलेले — धोतरासारखी नेसलेली वेष्टी भिजलेली, एक हात हळूहळू हलत होता.

घरी फोन लावला. नुसतीच रिंग. मग मला तंबी, धाकटा भाऊ, म्हणणाऱ्या शेजारच्या सेल्वी अक्कांना लावला. त्या धावल्या. थोड्या वेळाने त्यांचाच फोन — "अय्यो तंबी, दगडापाशीच पडलेत! खुब्याला लागलंय. ऑटोतून नेतोय." मी स्क्रीनकडे वळलो, तर पान बंद.

दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलात पोचलो. अण्णा झोपले होते. सेल्वी अक्कांनी विचारलं, "तुला कुणी सांगितलं?"

"कॅमेऱ्यात दिसलं, अक्का."

त्या म्हणाल्या, "काल सकाळपासून संध्याकाळपर्यंत आपल्या रस्त्याला करंटच नव्हता, तंबी."

घरी जाऊन रेकॉर्डर तपासला. सकाळी बंद पडलेलं रेकॉर्डिंग थेट संध्याकाळी सुरू झालेलं. घरात इन्व्हर्टर नाही. राउटरमधली सेटिंगही तीच, चुकीची.

अण्णांना मी यातलं काही बोललो नव्हतो. परत हॉस्पिटलात गेलो तेव्हा ते जागे होते; तेच म्हणाले, "पडलो तेव्हा ओरडलो नाही रे. तू बघतोयस असं वाटलं. हात हलवला... दिसला काय?"

"दिसला, अण्णा."

जुनं चित्र कॉम्प्युटरमध्ये राहिलं असेल, असं मित्र म्हणाले. पण त्याआधी ते पान एकदाही उघडलं नव्हतं! मग काय राहणार?

अण्णा आता काठी घेऊन हिंडतात. सेटिंगही पुढे जमली, रोज घर दिसतं. पण अजूनही स्क्रीनवर अण्णा दिसले की मी आधी फोन करतो आणि विचारतो — घरात करंट आहे ना?