तेलेसिया आत्यांचं पाऊल

आमच्या वावाऊ बेटावर झाडाच्या सालीचं कापड कुटणाऱ्या बायका पुष्कळ, पण तेलेसिया आत्यांचं कापड डोळे मिटून, नुसतं चाचपून ओळखता यायचं. भिजवलेली साल लांब ओंडक्यावर ठेवायची आणि लाकडी मोगरीनं कुटत राहायचं. वीतभर रुंद साल हातभर होते. चार चार बायका एका ओंडक्याशी बसतात, मोगऱ्या एका तालात पडतात. हा ताल आत्या धरायच्या.

त्या माझ्या वडिलांची थोरली बहीण. बापाच्या बहिणीसमोर आमच्याकडे बापसुद्धा मान वर करत नाही, मग आम्हा भाचरांचं काय! लग्न असो की मयत, पहिला मान आत्याचा. त्यांची थट्टा करायची हिंमत एकाच माणसात होती, ती म्हणजे लुपेमावशी. तीस वर्षं ती आत्यांच्या शेजारी बसून कुटत होती आणि तीस वर्षं तिचं तोंडही चालू होतं.

आत्यांच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी काहीतरी बिनसलं. आधी उजव्या हातातली मोगरी मागे पडू लागली.

"काय गं, मोगरीला ताप आलाय का?" लुपेमावशी म्हणाली.

आत्या हसल्या नाहीत. हल्ली त्या हसतच नव्हत्या. चेहरा लाकडासारखा आणि आवाज बारीक झाला. चालताना उजवा हात अंगाला चिकटून राही. बायका कुजबुजायच्या, "भाचा न्यूझीलंडला कमावतो ना, म्हणून मिजास आलीय." कुणी म्हणे, कुठल्यातरी मेलेल्याची छाया पडली. पाला वाटून आत्यांना चोळलंही. मग एक दिवस त्या स्वतःच्या उंबऱ्यात थांबल्या, आणि थांबल्याच. आत जायचंय, डोळे आतल्या चटईवर, पण पाय जमिनीला डकवल्यासारखे. मी हात ओढला तर त्या झाडासारख्या पुढे कलंडल्या.

बेटावरच्या नेइआफू शहरातल्या डॉक्टरांनी त्यांना बोटं मिटायला-उघडायला लावली, चालवून पाहिलं. म्हणाले, "पार्किन्सन. पायांत ताकद आहे, आजी. मेंदूत खोल आत काही पेशी असतात, त्यांच्या रसायनावर हालचाल सुरू होते. त्या पेशी मरतायत. 'निघ' हा निरोप पायाला वेळेवर पोचत नाही. गोळ्यांनी बराच फरक पडेल, पण आजार जाणार नाही."

गोळी आठला, बाराला, चारला. फरक पडलाही. हात मोकळा झाला, कांदा चिरता येऊ लागला. पण उंबरा दिसला की पाय थिजायचे ते थिजायचेच.

आणि सात आठवड्यांवर न्यूझीलंडला असलेला माझा भाऊ हेपेती याचं लग्न!

आत्यांनी त्याला फोनवर सांगितलं, "मी घरीच बसेन. अख्ख्या गावासमोर चर्चच्या दारात खांब होऊन उभी राहू?"

"मग लग्नच नको," हेपेती म्हणाला.

"गाढवा, पोरीच्या घरच्यांनी शंभर कोनफळं मोजून ठेवलीत!"

"राहू देत पडून. तुम्ही नाही, तर लग्न नाही."

त्या आठवड्यातल्या मंगळवारी सकाळी आम्ही कुटायच्या पडवीत होतो. आत्या आल्या आणि पायरीशी थिजल्या. मी उठू लागले तर त्यांनी डोळ्यांनीच नको म्हटलं. मोगऱ्या अजून कुणी उचलल्या नव्हत्या. कुणी कुणाकडे बघेना.

लुपेमावशीला ती शांतता सोसवेना. "तू बघत राहा, आम्हाला कामं आहेत," म्हणत तिनं मोगरी उचलली आणि सुरू झाली. टक्, टक्, टक्, टक्.

पाचव्या ठोक्याला आत्यांची टाच उचलली.

मी पाहिलं. सहाव्याला पाऊल पायरीवर. सातव्याला दुसरं. ठोक्यागणिक एक पाऊल टाकत आत्या थेट ओंडक्यापर्यंत आल्या! लुपेमावशी बघतच राहिली आणि तिचा हात थांबला. हात थांबला तशा आत्याही थांबल्या, एक पाय अर्धवट पुढे.

"थांबू नकोस, भवाने!" आत्या ओरडल्या. कित्येक महिन्यांत एवढा मोठा आवाज ऐकला नव्हता.

टक्, टक्, टक्! आम्ही सगळ्याच कुटू लागलो, सालीवर, ओंडक्यावर, जमिनीवर, हाताला लागेल त्यावर. आत्या पडवीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेल्या, वळताना अडखळल्या, पण परत आल्या. लुपेमावशी रडत रडत कुटत होती आणि शिव्या देत होती. "एक वर्ष! एक वर्ष मी या बाईला मिजासखोर म्हणत होते!"

दुपारी मी नर्स अमेलीनाला पकडून आणलं. ती मोजपट्टी आणि घड्याळ घेऊन आली. दहा मीटर ठोक्यांशिवाय: एक्केचाळीस सेकंद. ठोक्यांवर: तेवीस. अमेलीनानं पुन्हा मोजलं. चोवीस.

"यात छाया नाही न् चमत्कार नाही," ती म्हणाली. "आतून निघणारा निरोप अडतो. ताल बाहेरून आला की मेंदू तो दुसऱ्या वाटेनं पायापर्यंत नेतो. पण सराव रोज हवा. आणि वळताना गर्रकन नाही, मोठा गोल घ्यायचा."

मग रोज सकाळी आठची गोळी लागू पडली की अर्धा तास चालणं. लुपेमावशी ठोके द्यायची आणि वर टोमणे. "पाय उचल, फरफटत काय नेतेस, डुक्कर बांधलंय का मागे?" तिसऱ्या आठवड्यात आत्या पडल्या, डावं कोपर सोललं. दोन दिवस उठल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी मी पोचायच्या आत पडवीत हजर होत्या.

लग्नाच्या दिवशी मात्र सगळं चुकत गेलं. पाद्र्यांचं प्रवचन संपता संपेना. बाराची गोळी आत्यांच्या पिशवीत, पिशवी माझ्या धाकट्या काकूकडे आणि काकू चुलीपाशी. साडेबाराला नवरानवरी बाहेर पडली. आता मागोमाग आत्यांनी निघायचं. अंगावर नवं कापड, कमरेला रिवाजाप्रमाणे गुंडाळलेली केवड्याच्या पातीची जुनी मौल्यवान चटई. दारात आल्या आणि थिजल्या.

लुपेमावशी तयारच होती. मोगरी आणि लाकडाचा तुकडा तिनं ओच्यात लपवून आणला होता. तिनं ठोके सुरू केले, पण त्याच क्षणी बाहेर शाळेचा बँड सुटला! पितळी भोंगे, मोठा ढोल. ठोके कुठे विरले कळेना. ढोलाचा ताल तर इतका घाईचा की त्यावर तरणी पोरंही धापा टाकतील.

"बंद करा रे, मेल्यांनो!" मावशी किंचाळली. कुणाला ऐकू जातंय!

मी आत्यांच्या मागे उभी होते. दोनशे माणसं वळून बघत होती. मग आत्यांनी मान खाली घातली. मला वाटलं, संपलं.

पण त्या बघत होत्या. चर्चपासून मांडवापर्यंत आम्ही कुटलेलं लांबच लांब कापड अंथरलं होतं, आणि त्यावर हातहातभर अंतरानं काळ्या पट्ट्या आडव्या रंगवलेल्या. आत्यांनी पहिल्या पट्टीवर नजर रोखली. टाच उचलली. पट्टी ओलांडली. मग दुसरी. मग तिसरी!

"अगं, ती निघाली! ती निघाली!" मावशीनं माझा दंड इतका आवळला की दोन दिवस निळा होता.

आत्या एकेक पट्टी ओलांडत निघाल्या, सावकाश, ताठ. बँड आपल्या घाईत वाजत राहिला आणि त्या आपल्या चालीनं चालत राहिल्या. बायका हुंदडू लागल्या, ओरडू लागल्या, नवरीची आई मध्येच नाचायला लागली. हेपेतीनं नवरीचा हात सोडला आणि तो धावत परत आला, पण आत्यांनी बोटानं त्याला बाजूला केलं. वाटेत येऊ नकोस! मांडवातल्या मानाच्या आसनापर्यंत पोचल्या, मोठा गोल घेऊन वळल्या आणि बसल्या. मी गोळी आणि पाणी दिलं. त्यांनी गिळलं आणि विचारलं, "कोनफळं शिजली का?"

पट्ट्यांचं ऐकून अमेलीना दोन आठवड्यांनी आली. म्हणाली, डोळ्यांना दिसणारी खूणही तेच काम करते. तिनं घरात उंबऱ्याच्या आतबाहेर पांढऱ्या पट्ट्या चिकटवल्या. डॉक्टरांनी गोळ्यांच्या वेळा जवळ आणल्या. आजार आहे तिथेच आहे. संध्याकाळी हात कापतो, आणि कधी कधी पट्टी समोर असूनही पाय ऐकत नाहीत. पण आत्या पुन्हा ओंडक्याशी बसतात, दिवसातून तासभर.

काल अंगणात दहा मीटरची नवी मोजणी झाली. लुपेमावशी ठोके द्यायला, मी घड्याळाला. आत्या निघाल्या, अर्ध्यावर एक कोंबडी पिल्लं घेऊन आडवी गेली आणि त्यांना थांबावं लागलं.

"एकवीस सेकंद!" मी ओरडले. "दोननं कमी!"

"खोटं," आत्या म्हणाल्या. त्यांचे गाल तापले होते, श्वास फुलला होता. "त्यातले तीन कोंबडीचे. तिला हाकल आणि पुन्हा मोज."