वायर धरून बसलेल्या वहिनी

विजेच्या वायरीवर पोटच्या पोरासारखी माया करणारं माणूस अख्ख्या गोंदिया जिल्ह्यात एकच, आणि ते म्हणजे आमच्या मोठ्या वहिनी. त्या प्राथमिक शाळेत शिकवायच्या आणि चिचगडला दादांच्या घरचा सगळा कारभार बघायच्या. पण कुणाच्याही घरी पाऊल टाकलं की समोरच्यानं पाणी विचारायच्या आत त्यांची नजर भिंतीवरच्या बोर्डाकडे जायची. कुठं प्लग अर्धवट बसलेला, कुठं वायर दाराच्या फटीत चेंगरलेली दिसली की त्यांच्या घशाखाली चहा उतरत नसे. एका लग्नात नवरदेव मांडवात येऊन उभा, मंगलाष्टकं सुरू व्हायची वेळ, आणि वहिनी मात्र साउंडबॉक्सच्या वायरीवरून पाहुणे चालतात म्हणून डेकोरेशनवाल्याला झापत होत्या. अक्षता त्यांनी टाकल्या खऱ्या, पण डोळे वायरीवरच असल्यामुळे त्या नवरा-नवरीपर्यंत पोचल्या नसाव्यात.

आमच्याकडे गोंदियाला पहिला लॅपटॉप आला तो दोन हजार आठ-नऊच्या सुमाराला. बाळंतिणीला भेटायला यावं तशा वहिनी तो पाहायला आल्या. मी सवयीनं चार्जर वायरीला धरून ओढला, तशा त्या गरजल्या, "काऊन जी भाऊजी, वढून कायले रायले? गाईचं दावं होय का थे? मुंडकं धरून काढा." तेव्हापासून आमच्या घरात प्लग मुंडकं धरूनच काढला जातो.

लॅपटॉप चार्ज होत नाही अशी कुणाची तक्रार आली की वहिनी लॅपटॉपकडे ढुंकूनही बघत नसत. "आधी भिंतीले विचारा," म्हणत स्वयंपाकघरातला मिक्सर आणून त्याच बोर्डात लावायचा. मिक्सर घुरघुरला की भिंत निर्दोष सुटली. मग चार्जरच्या ठोकळ्यावरचा दिवा. मग पिन. आणि कशानंच भागलं नाही तर शेवटचा उपाय: चार्जर काढायचा, लॅपटॉप पालथा घालून बॅटरी काढायची आणि चालू करायचं बटण एक पाढा म्हणून होईपर्यंत दाबून ठेवायचं. "आत साचलेला करंट उतरते," असं त्या सांगायच्या. किरकोळ बिघाडाला दोनचा पाढा पुरे. दुखणं जुनं असेल तर एकोणतीसचा. आश्चर्य म्हणजे बऱ्याचदा मशीन सुरू व्हायचं. शेजारच्या गुरुजींच्या लॅपटॉपला मात्र त्यांनी अख्खी उजळणी ऐकवली तरी तो हलला नाही. तेव्हा "याच्यात जीवच नाही, गोंदियाले न्या," असं शांतपणे सांगून त्या भाकरी टाकायला निघून गेल्या.

एका वर्षी दिवाळीनंतरच्या मंडईसाठी, म्हणजे गावच्या जत्रेसाठी, आम्ही सगळे चिचगडला जमलो होतो. आमची लेक मेघा इंजिनिअर होऊन घरी बसली होती. कितीतरी ठिकाणी नकार पचवून झाले होते. नेमकी मंडईच्या दिवशी सकाळी पुण्याच्या एका कंपनीनं तिची इंटरनेटवरून मुलाखत ठेवली. खिडकीत डोंगल लटकवून रेंज मिळवली, पोरगी आवरून बसली, आणि लॅपटॉपनं चार्जिंग घेणंच बंद केलं. बॅटरी संपत आलेली. दादा म्हणाले, "देवरीच्या दुकानात नेतो गाडीवर." तेवढा वेळ नव्हता. मेघाचा चेहरा पांढराफटक पडला. "काका, राहू द्या आता," एवढंच ती म्हणाली.

वहिनी करंज्या तळत होत्या. कढई खाली उतरवून, हात पदराला पुसत त्या आल्या. "सारे बाहेर व्हा," म्हणाल्या. आम्ही दारातच थबकलो. मिक्सर आला, घुरघुरला. ठोकळ्यावरचा दिवा लागलेला होता. बॅटरी निघाली, एकोणतीसचा पाढा झाला, बॅटरी पुन्हा बसली. काही नाही. मग त्यांनी पिन खाचेत घालून अगदी हळू इकडंतिकडं हलवून पाहिली. एका ठिकाणी पडद्यावर चार्जिंगची खूण उमटली. बोट सोडताच गेली.

"आतली खाच ढिली झाली आहे बाई," त्या मेघाला म्हणाल्या. "तू बोल. मी धरतो."

काडीपेटी, पुठ्ठा, रबर काही टिकेना. शेवटी वहिनी टेबलाच्या कडेला, कॅमेऱ्यात दिसणार नाही अशा बेतानं, खाली जमिनीवर बसल्या आणि दोन बोटांनी पिन वर उचलून धरली. मुलाखत सुरू झाली. पलीकडचे लोक इंग्रजीत विचारत होते, मेघा उत्तरं देत होती. सुरुवातीला तिचा आवाज कापत होता, मग हळूहळू तो सरळ झाला. बाहेर मंडईला निघालेल्या बायका वहिनींना हाका मारून गेल्या. ज्या बाईला आम्ही जेवतानासुद्धा गप्प पाहिलं नव्हतं, तिनं एका हाकेला ओ दिली नाही. हात बदलायची सोय नव्हती. दंड भरून आला तसा त्यांनी दुसऱ्या हातानं त्याला खालून आधार दिला, आणि पलीकडच्या माणसाचं एक अक्षर कळत नसतानाही प्रत्येक उत्तराला मान डोलावत राहिल्या.

शेवटी मेघा "थँक्यू सर" म्हणाली, पडद्यावरची माणसं गेली, आणि वहिनींनी बोटं सोडली. बोटं लगेच सरळ होईनात. मेघा खाली बसून त्यांचा हात चोळू लागली. दादांनी कधी नव्हे तो स्वतः चहा मांडला. निकाल काही कळला नव्हता, तरी घरातल्या प्रत्येकाचा श्वास मोकळा झाला होता. करंज्यांचा शेवटचा घाणा करपला होता. तो आम्ही आनंदानं खाल्ला.

नोकरी लागली. मेघा पुण्याला गेली, तिथंच लग्न झालं, आता वर्षातून एकदा येणं होतं. परवा चिचगडला गेलो तेव्हा वहिनी अंगणात लाखोळीची डाळ निवडत होत्या. शाळा सुटून वर्षं झाली, आता गुडघे उठू देत नाहीत. मेघाचं बोलणं निघालं, तशा त्या डाळीत बोटं फिरवत म्हणाल्या, "कधी कधी वाटते जी भाऊजी, थे पिन त्या दिशी सोडून देली असती त पोरगी इथंच कुठं आसपास राहिली असती."

मी सुपातला एक खडा वेचून बाजूला टाकला. सूप झटकून त्या म्हणाल्या, "नाही पन. धरली थे बरंच झालं."