साऱ्या हिरोंचे हात खिशात

प्रबंधात जे बसत नाही, ते आमच्या कॉलेजसमोरच्या टपरीवर येऊन बसतं. कविता राठोडची पीएच.डी. पाच वर्षं चालली. विषय होता यवतमाळ जिल्ह्यातले हातानं रंगवलेले सिनेमाचे बोर्ड, आणि मी तिची गाईड. प्रबंधाची पानं झाली दोनशे ऐंशी. किस्सेही त्यात घातले असते, तर बाइंडिंगवाल्यानं हात जोडले असते!

कविता दारव्ह्याकडच्या तांड्यावरची. स्कूटीच्या डिक्कीत टेप, कॅमेरा आणि आईनं बांधून दिलेल्या भाकरी. मागे मी, हेल्मेट आणि सिद्धांत सांभाळत.

*

मुकुटबनला एक आजोबा-आजी भेटले. जत्रेत तंबूचा सिनेमा यायचा, त्याच्या आठवणी आम्ही विचारत होतो. आजोबा रंगात आले. "हिरोनं व्हिलनच्या कानाखाली अशी देल्ली!" म्हणत त्यांनी उजवा हात फिरवला.

आजी चुलीपासून ओरडल्या, "खोटं! डाव्या हातानं मारलं. म्या सोता पाह्यलं."

लग्नानंतरचा पहिला सिनेमा, आणि भांडण तेव्हापासूनचं! कवितानं पेन खाली ठेवलं. "आजी, तुम्ही बसल्या कुठं होत्या?"

"पडद्याच्या मांगं. बायका तिकडंच बसत."

म्हणजे आजींनी अख्खा सिनेमा उलटा पाहिला होता. दोघंही खरे! मी शहाणपणानं विचारलं, "मग पाट्यांवरची अक्षरंही उलटी दिसली असतील ना, आजी?"

"दिसली असतील नं, बाई. मले तं सुलटीबी येत नव्हती."

परत येताना स्कूटीवर मी हेल्मेटची काच खाली ओढून बसले. वाईट वाटलं होतं, दुसरं काय.

*

ढाणकीला एका शेतकऱ्याच्या गोठ्याचं दार म्हणजे सिनेमाचा बोर्ड निघाला. पत्र्यावर हिरोईन. गालावर गंज चढलेला, पण डोळे असे, की आपणच नजर वळवावी.

कविता म्हणाली, "भाऊ, हा बोर्ड कॉलेजात लावू. तुम्हाले नवं दार करून देतो."

"नाही जमत."

"काहून?"

"म्हशी तिलेच पाहून आत येते. दार बदलवलं तं मी म्हशी हुडकत फिरू का गावभर?"

मग काय, म्हैस दारात उभी असतानाच आम्ही त्या हिरोईनची लांबी-रुंदी घेतली.

*

बोरी अरबला नामदेव पेंटर सापडले, तेव्हा कविता अक्षरशः नाचली. पंचाहत्तरी ओलांडलेला सडपातळ माणूस. आम्ही शोधलेले एकवीसच्या एकवीस बोर्ड यांनीच रंगवलेले!

सिनेमा गावात यायच्या आधी बोर्ड लागायचा. म्हणजे सिनेमा न पाहताच रंगवायचा. टॉकीजचा मालक तोंडी सांगे, "मारामारी आहे, पाऊस आहे, आंधळी आई आहे." एकदा पेंटरांनी स्वतःच्या मर्जीनं हिरोच्या कमरेला पिस्तूल खोवलं. सिनेमात पिस्तूलच नव्हतं! इंटरव्हलला पब्लिक उठली, "पिस्तूल कोठी आहे?" मालकानं पेंटरांना झापलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी पिस्तुलावर रंग मारून त्याची बासरी केली.

"मंग?" कवितानं विचारलं.

"मंग काय! पब्लिक बासरी मागाले लागली!"

हसून झाल्यावर तिनं विचारलं, "आबा, बोर्डावर तुमचं नाव काहून नाही?"

"मालक म्हणे, तुह्या नावाले जागा नाही. तेवढ्यात 'रोज तीन खेळ' बसते." मग आवाज खाली आणून मला म्हणाले, "मॅडम, तुमच्या पुस्तकात येईन नं नाव? नातीले दाखवाचं होतं. तिले वाट्टे, आबा लोकाच्या घराले चुना मारत होता."

मी म्हटलं, "येईल ना! का नाही येणार?"

*

नाही आलं. पीएच.डी.ची कमिटी म्हणाली, बोर्डावर सही नाही, पावती नाही, त्या काळचा फोटो नाही. नुसत्या सांगण्यावर नाव कसं घालता? प्रत्येक चित्राखाली 'चित्रकार अज्ञात' लिहा. कविता रडकुंडीला आली. आणि मी, गाईड, तिला म्हटलं, "लिहून टाक बाई, सबमिशन अडेल." आजही लाज वाटते मला त्याची.

*

त्याच प्रबंधात माझाही एक पराक्रम आहे. मला दिसलं, की बोर्डावरच्या एकाही हिरोचे हात दिसत नाहीत. कुठं खिशात, कुठं पाठीमागं, कुठं घोड्याआड. झालं! मी कविताकडून नऊ पानं लिहून घेतली, की हा दडवलेला हात म्हणजे ग्रामीण पुरुषाच्या घुसमटीचं दृश्यरूप.

ती बिचारी म्हणाली, "मॅडम, एकदा आबाले विचारून पाहू का?"

मी म्हटलं, "अगं, कलाकाराला स्वतःला कळत नसतं!"

*

व्हायव्हाला पुण्याचे परीक्षक आले. हॉल भरलेला. शेवटच्या ओळीत नामदेव पेंटर, परीटघडीचा सदरा घालून, शेजारी कॉलेजात शिकणारी नात. मला त्यांच्याकडं बघवेना.

परीक्षक म्हणाले, "एकवीस बोर्ड एकाच माणसाचे, असं तुमचं म्हणणं आहे. आणि खाली लिहिता अज्ञात. एकाच माणसाचे, हे कशावरून?"

कवितानं माझ्याकडं पाहिलं. मी पंख्याकडं.

पेंटर उभे राहिले. "साहेब, मी बोलू का? ते बोर्ड माहेच आहेत. मले हात काढता येत नाही."

सगळ्या माना मागं वळल्या.

"बोटं तं बिलकुल नाही जमत. जिंदगीभर दडवत आलो. एकेक पाहून घ्या."

परीक्षकांनी स्लाइड पहिल्यापासून लावायला सांगितल्या. खिसा. पाठ. घोडा. फुलांचं झुडूप. पुन्हा खिसा! सगळा हॉल हसायला लागला, पेंटरही हसले. परीक्षकांनी माझी नऊ पानं चाळली, चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं आणि सज्जनपणे प्रबंध मिटला.

मग उठून त्यांनी पेंटरांच्या हातात मार्कर दिला. "एक काढून दाखवा."

पाच मिनिटांत पांढऱ्या बोर्डावर हिरो उभा! डोक्यावर झुलपं, नजर तिरपी, हात खिशात.

"अगदी तोच हात आहे," परीक्षक म्हणाले. "कविता, एकवीसही ठिकाणचं अज्ञात काढा. आणि आबा, तुम्ही खाली सही करा."

पेंटरांनी एकदा नातीकडं पाहिलं, मग बोर्डाकडं वळले आणि जुन्या सिनेमासारखी ठसठशीत, सावली दिलेली अक्षरं काढत गेले. नामदेव पेंटर, बोरी अरब. नाव एवढं मोठं झालं, की हिरो गुडघ्यापासून खाली झाकून गेला.

परीक्षकांनी हसत विचारलं, "काय आबा, पायही जमत नाहीत का?"

"पाय जमते साहेब," पेंटर मार्करचं टोपण लावत म्हणाले. "पण आज नावाले जागा पायजे होती."