गोळी माझी, टार्गेट सगळ्यांचं

थायरॉइडची गोळी लिहून देताना डॉक्टर म्हणाले, "सकाळी उठल्याउठल्या, उपाशीपोटी. पुढं तासभर चहा नाही." चहा नाही म्हटल्यावर माझं डोकं असं सणकलं की बाकीचं धड ऐकलंच नाही. शेजारी बसलेल्या सासूबाईंनी मात्र जिवाचा कान करून ऐकलं.

मी कासारवाडीहून कंपनीच्या बसनं चाकणला जाते. गाड्यांच्या वायरिंगचं काम. बोर्डावर वायरी लावायच्या, टेप गुंडाळायची, बोर्ड पुढं ढकलायचा. एक आठवडा फर्स्ट शिफ्ट, म्हणजे पहाटे साडेचारला उठायचं; एक आठवडा सेकंड, म्हणजे दुपारची, तेव्हा आठपर्यंत झोप.

गोळीनं दीड-दोन महिन्यांत अंगात वारंच शिरलं. जिना चढताना दोनदा टेकणारी मी, माळ्यावरची सगळी भांडी काढून घासली. तेवढ्यानं भागेना म्हणून शेजारणीचं दार पुसायला घेतलं. ती आतून ओरडली, "कोण आहे? काय पाहिजे?" काय सांगणार, कपाळ! भर थंडीत घाम, छातीत धडधड, एका बैठकीत आठ पोळ्या. सिग्नल लागला की मी बसच्या ड्रायव्हरवर खेकसायची. तशी मी मूळचीच तिरसट, पण हे अतीच होतं. सासूबाई म्हणाल्या, "अंगात आलंय का गं तुझ्या?"

कंपनीत तर कहरच. हात थरथरायचे, पण थांबायचे नाहीत. शिफ्टला चाळीस बोर्डांचं टार्गेट. मी जेवणाच्या सुट्टीपर्यंतच तीस करून मोकळी. लाइनचे साहेब स्टॉपवॉच घेऊन माझ्यामागं उभे राहिले. सगळ्यांसमोर टाळ्या वाजवून मला स्टीलचा डबा दिला. मीही शेफारले. सोमवारी फळ्यावर अख्ख्या लाइनचं टार्गेट लिहिलेलं होतं, बावन्न.

माझ्या शेजारच्या बोर्डावर मावशी असतात, कासारवाडीच्याच जुन्या गावातल्या. मला कामाला त्यांनीच लावलं. नवीन असताना माझं राहिलेलं टेपिंग त्याच करायच्या, मला काढू नये म्हणून. आता त्यांचे अंगठे सुजलेत, चाळीस कसेबसे व्हायचे. महिनाअखेरीला कॉन्ट्रॅक्टवर पुढं कोणाला ठेवायचं त्याची नवी यादी लागणार होती. जिचं टार्गेट होत नाही, ती बाई त्या यादीत नसते.

"काय भूत लागलंय का गं तुला?" मावशी म्हणाल्या. "आमी काय मरायचं का?"

"तुमचे हात चालत नाहीत, त्याला मी काय करू?" मी फाडकन बोलले. त्या नुसत्या टेप गुंडाळत राहिल्या. शब्द तोंडातून गेला आणि मला स्वतःची लाज वाटली.

त्याच आठवड्यात रक्ताचा रिपोर्ट आला, गोळी जास्त होतेय असं दाखवणारा. डॉक्टरांनी विचारलं, "गोळी कधी घेता?"

"साडेचारला," सासूबाई म्हणाल्या. "आठला," मी म्हणाले. दोघी एकदमच.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. सेकंड शिफ्टच्या आठवड्यातही सासूबाई मला पहाटे हलवून, अर्धवट झोपेत गोळी गिळायला लावायच्या. मला त्याचा पत्ताच नाही. मी आठला उठून डबीतली दुसरी घ्यायची. "वेळ चुकायची नाही म्हणाले होते ना!" सासूबाई डॉक्टरांवरच उखडल्या.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांना गाठलं. "सर, ते काम मी केलंच नाही, गोळीनं केलं. टार्गेट खाली आणा."

साहेब पोट धरून हसले. "मॅडम, तसं वर कळवू का? टार्गेट एकदा चढलं की उतरत नसतं."

गोळी एकच झाली, तसा माझा वेग हळूहळू उतरला. पंचेचाळीस, मग बेचाळीस. यादीला आठ दिवस राहिले तेव्हा मी बसमध्ये मावशींशेजारी जाऊन बसले. "मावशी, चुकलं माझं. तोंड सुटलं. आणि ते सगळं डबल गोळीमुळं झालं होतं," म्हणून सगळा घोळ सांगितला. मला वाटलं, शिव्या घालतील, निदान हसतील तरी.

त्यांनी पुढच्या-मागच्या सीटवर नजर टाकली आणि सुजलेल्या अंगठ्याचा हात माझ्यापुढं पसरला.

"त्ये राहू दे. त्यातल्या थोड्या गोळ्या हायेत का तुझ्यापाशी? यादी लागंपर्यंत."